प्रेसवरच्या सहा जणांची वेबसाइट

७ जानेवारी

प्रशिक आज कंपनीच्या बसमधून उतरला, पण सरळ घरात आला नाही. ओट्यावर बसून बूट काढायलाच त्याने इतका वेळ लावला की आईने दोनदा डोकावून पाहिलं. मग आत येऊन त्याने मला समोर बसवलं आणि खुणांनी सगळं सांगितलं.

त्यांच्या प्रेस शॉपमध्ये नवीन नियम आला आहे. मशीनवर उभं राहणाऱ्या प्रत्येकाने सुरक्षेची परीक्षा द्यायची, नापास होईल तो पॅकिंगमध्ये. परीक्षेआधी एक फिल्म दाखवतात. त्यात एक माणूस पाऊण तास हिंदीत बोलतो, बस्स. प्रशिकसकट ऐकू न येणारे सहा जण त्या माणसाच्या मिशा बघत बसले.

प्रशिक नऊ वर्षं पत्र्याला दाबून आकार देणारी पॉवर प्रेस चालवतो आहे. त्याच्या मशीनवर कधी कोणाचं बोट गेलेलं नाही. पॅकिंगमध्ये दिवसभर खोके चिकटवायचे.

मी म्हटलं, मी बोलते साहेबांशी. भावासाठी बोलायचं म्हणजे मीच. शाळेत, बँकेत, दवाखान्यात, मीच बोलत आले. तो म्हणाला, मीही येतो. मी म्हटलं, ये, पण बोलू दे मला.

८ जानेवारी

लॅबमधून अर्धी सुट्टी घेऊन हिंगण्याला गेले. सुरक्षा अधिकारी ताराचंद साहेब म्हणजे पोट सुटलेला, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा माणूस. मी भांडायच्या तयारीने गेले होते, पण भांडण झालंच नाही.

"मॅडम, मी काही यांच्या पोटावर पाय देऊन नाही राहिलो," ते म्हणाले. "प्रशिक माझा सगळ्यात साफ काम करणारा माणूस आहे. पण उद्या काही झालं तर मले विचारतील, याले समजावलं होतं का? काय सांगू मी?"

"खुणांच्या भाषेत फिल्म बनवली तर?"

"बनवा ना. त्याच्यावरच परीक्षा घेतो. पण व्हिडिओवाल्या साइट आमच्या नेटवर बंद आहेत, आणि मोबाइलवर फिरणारी फिल्म मले चालत नाही. कोण कुठली जुनी पाहीन, काय माहीत. एक पक्की जागा पाहिजे. मी मशीनवर क्यूआर कोड चिकटवतो. टॅबलेट धरला का त्या मशीनची फिल्म उघडली पाहिजे."

"म्हणजे स्वतःची वेबसाइट."

"हो. फेब्रुवारीच्या वीस तारखेच्या आत होईल?"

मी हो म्हणून आले. बाहेर आल्यावर प्रशिकने विचारलं, काय ठरलं? मी सांगितलं. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. त्याला आनंद झाला असावा.

आयुष्यात एकच वेबसाइट केली आहे, आमच्या लॅबची. त्यात पत्ता, वेळ आणि एक फोटो आहे.

१२ जानेवारी, रविवार

होस्टिंग घेतलं, शेअर्ड. एकाच मोठ्या मशीनवर शेकडो लोकांच्या वेबसाइट, जशा एका बिल्डिंगमध्ये खोल्या. आपल्या खोलीची किल्ली आपल्याकडे.

खुणा कोण करणार हा प्रश्न होता. प्रशिकच्या आणि माझ्या खुणा आम्ही लहानपणी घरातच बनवलेल्या. त्या दुसऱ्याला कळत नाहीत. त्याने सत्यवतीचं नाव सुचवलं. ती इतवारीत भांड्यांच्या दुकानात बसते आणि लग्नाच्या भांड्यांवर विजेच्या पेनने नावं घालते. तिलाही जन्मापासून ऐकू येत नाही. ती मुंबईच्या शाळेत शिकलेली, तिची भाषा पक्की.

आज गच्चीवर निळी चादर बांधून पहिली छोटी फिल्म घेतली: लाल बटण दाबून मशीन थांबवणे. मला वाटलं होतं सत्यवती खुणा करेल. तिने प्रशिकला उभं केलं. मशीन तो चालवतो, तर सांगेलही तोच, असं तिचं म्हणणं. चुकला की ती त्याचं मनगट धरून सरळ करायची. पहिल्याच वेळी मला चांगलं वाटलं होतं, तरी दोघांनी ऊन उतरेपर्यंत तेच तेच केलं. मधेच दोघं इतक्या भरभर बोलत की मला निम्मंही कळत नव्हतं. मशीनबद्दलच असणार.

आईने पाटोडीची रस्साभाजी केली. मला विचारलं, "तिले तिखट चालते का वं?" मी म्हटलं, विचारलं नाही. आई म्हणाली, "तू काहीच विचारत नाही."

१४ जानेवारी

सकाळी लॅबला जाण्याआधी फिल्म चढवायला बसले. फिल्म सत्तावीस एमबीची, आणि वेबसाइट म्हणते दोन एमबीच्या वर घेणार नाही. दोन एमबीत फक्त प्रशिकचा उजवा हात मावला असता.

शोधाशोध केल्यावर होस्टिंगच्या पानावर मर्यादा वाढवायची जागा सापडली. बत्तीसपर्यंत आकडे होते. बत्तीस केलं, पुन्हा चढवलं. निळी पट्टी शेवटपर्यंत गेली आणि समोर कोरं पान आलं. ना फिल्म, ना चूक. पाच वेळा केलं. चूक दाखवली असती तर निदान भांडता आलं असतं.

१७ जानेवारी

होस्टिंग कंपनीच्या मदतीच्या खिडकीत आयुष नावाचा मुलगा असतो. दोन दिवस तो मला ब्राउझर साफ करायला सांगत होता. आज मी फोनच लावला आणि म्हटलं, "भाऊ, सहा जणांच्या कामाचा प्रश्न आहे, ब्राउझर माझा आरशासारखा लखलखीत झालाय." तो हसला आणि मग खरंच बघितलं.

मर्यादा दोन असतात. एक फाइलची, दुसरी फाइल ज्या फॉर्ममधून जाते त्या अख्ख्या फॉर्मची. मी पहिली वाढवली, दुसरी आठवरच होती. फाटक रुंद केलं आणि बोळ तसाच अरुंद ठेवला. फॉर्मची मर्यादा ओलांडली की मशीन सगळंच टाकून देतं आणि तक्रारही करत नाही. दुसरी मर्यादा थोडी जास्त ठेवायची असते. चाळीस केली.

१८ जानेवारी

कोरं पान गेलं. आता नवीन: फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नाही. माझंच फोल्डर, माझाच पासवर्ड, आणि मलाच परवानगी नाही!

नेटवर एका माणसाने सांगितलं, फोल्डरची परवानगी ७७७ करा, सगळं चालतं. केलं, आणि चाललं. दहा वाजता प्रशिक माझ्या मोबाइलवर होता, निळ्या चादरीपुढे लाल बटण दाबताना. मी आईला हाक मारली. आईने डोळे पुसले आणि म्हणाली, याचा शर्ट बदलायला पाहिजे होता.

प्रशिकने लगेच सत्यवतीला व्हिडिओ कॉल लावला. 'चालू झालं' एवढं सांगायला त्याला अर्धा तास लागला. मी ताराचंद साहेबांना पत्ता पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

मला हे काम जमतंय असं वाटतं.

२३ जानेवारी

नाही जमत.

लॅबमध्ये असताना ताराचंद साहेबांचा फोन. "मॅडम, तुमची साइट मी मोठ्या साहेबांना दाखवून राहिलो होतो. सट्ट्याच्या जाहिराती आल्या. पैसे लावा, पैसे जिंका. साहेब माझ्याकडं पाहत होते." त्यांचा आवाज चढला नाही, ते जास्त लागलं.

तासाभरात होस्टिंग कंपनीने खातंच बंद केलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, मग तोंड धुऊन लोकांचे रिपोर्ट छापले.

घरी प्रशिकला सांगितलं. त्याने विचारलं, तू काय केलं होतंस, दाखव. मी हात झटकून म्हटलं, तुला नाही समजणार. आई चपात्या लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं. "नंदे," ती म्हणाली, "त्याले समजणार नाही हे तुले कोणं सांगितलं?"

मग मी बसून सांगितलं. प्रत्येक फोल्डरला तीन आकडे. पहिला मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा उरलेल्या सगळ्या जगाचा. वाचायची मुभा म्हणजे चार, लिहायची दोन, आत शिरायची एक. सात म्हणजे सगळं. मी सगळ्या जगाला सात दिले होते. त्याच मशीनवरची दुसरी कुठली तरी साइट बिघडली होती, तिथून कोणीतरी आमच्या फोल्डरमध्ये घाण टाकून गेलं.

प्रशिकने ऐकून घेतलं, म्हणजे पाहून घेतलं. मग दोन्ही हातांनी प्रेस दाखवली, तिच्यापुढची जाळी काढून बाजूला ठेवली आणि भराभर माल आत-बाहेर केला. काम लवकर व्हावं म्हणून जाळी काढणारे कारखान्यातही असतात. पुढे त्याने आपली दोन बोटं तुटल्यासारखी मुडपून दाखवली.

ती जाळी काढणारी मीच, हे कळून मला हसू आलं. दिवसभरात पहिल्यांदाच.

२६ जानेवारी

सुट्टी. आम्ही दोघं सकाळपासून कॉम्प्युटरपुढे. आयुषने खातं उघडून दिलं, अट एकच, आतलं सगळं पुसा. पुसलं. पासवर्ड बदलला. फिल्म मोबाइलवर होतीच.

मूळ चूक किती बारीक होती ते आज कळलं. मी पहिल्या दिवशी झिप करून आणलेलं फोल्डर उघडलं तेव्हा त्यावर ५५५ आलं होतं, मालकालासुद्धा फक्त वाचायची आणि शिरायची मुभा. पहिल्या पाचाचे सात केले असते तरी पुरलं असतं. आता फोल्डर ७५५, फाइली ६४४. जगाने पाहावं, लिहायचं आपण. प्रशिकने आकडे एकदा पाहिले आणि पुढची सगळी फोल्डरं त्यानेच केली. मी मागे बसून नुसती तपासत होते. तपासण्यासारखं काही निघालं नाही.

ताराचंद साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "चूक माणसाकडूनच होते. पण वीस तारीख माझ्या हातात नाही, मॅडम."

३० जानेवारी

पूर्ण फिल्म तयार झाली, नऊ मिनिटांची. बत्तीसच्या मर्यादेत ती कुठून मावणार. आयुष म्हणतो, या खोलीत यापुढे मर्यादा नाही, मोठी जागा घ्या. मी म्हटलं, फिल्मच बारीक करते. केली. हात धुरासारखे दिसायला लागले. 'थांब' आणि 'कुलूप लाव' यांत फरकच कळेना. प्रेसवर त्या दोन खुणांत फरक नसेल तर काय होईल, ते प्रशिकला सांगावं लागलं नाही.

सत्यवती संध्याकाळी दुकानातून आली. तिने फिल्म पाहिली आणि हळू, मला कळेल अशा खुणा केल्या. मशीनसमोर उभा माणूस नऊ मिनिटं पाहणार आहे का? त्याला आत्ता हवी ती एक गोष्ट द्या. एक काम, एक फिल्म.

म्हणजे सगळं पुन्हा घ्यायचं. मी वीस तारखेपर्यंतचे दिवस मोजले. प्रशिक मात्र लगेच तयार झाला. त्याला कामाचा कंटाळा म्हणून नाहीच.

५ फेब्रुवारी

गच्चीवर रोज संध्याकाळी एक-दोन फिल्मा. सत्यवतीने दुकानातून लवकर निघायची मुभा घेतली आहे. जाळी, दोन्ही हातांची बटणं, डाय म्हणजे साचा बदलताना वीज बंद करून कुलूप, तेल सांडलं तर, आग लागली तर. मागे साधी चादर आणि मोबाइल तिकाटण्यावर पक्का, म्हणून फाइल आपोआपच लहान होते. प्रत्येक सहा-सात एमबी, आणि बोटं स्वच्छ दिसतात.

प्रशिक रोज शर्टला इस्त्री करतो. मी म्हटलं, कॅमेऱ्यात कॉलर दिसत नाही. तरी करतो.

काल सत्यवतीने त्याला स्टीलचा डबा आणून दिला. झाकणावर त्याचं नाव, आणि कडेने बारीक वेलबुट्टी. दुकानात नमुने उरत असतील. मी म्हटलं, मलाही एक आण. आई तोंडाला पदर लावून आत गेली. तिला सर्दी झाली आहे बहुतेक.

१४ फेब्रुवारी

सगळ्या फिल्मा चढल्या. सकाळी मी उठले तेव्हा प्रशिक आधीच बसला होता, शेवटच्या चार त्यानेच चढवल्या. मी फक्त चहा दिला.

दुपारी ताराचंद साहेबांचा संदेश: आठही मशीनवर कोड चिकटवले, आठही उघडतात. खाली लिहिलं होतं, 'मीच पाहत बसलो.'

प्रशिक संध्याकाळी इतवारीत गेला, सत्यवतीला सांगायला. मी म्हटलं, मेसेज कर ना. तो ऐकत नाही, म्हणजे तसंही.

२० फेब्रुवारी

सविस्तर लिहायचं आहे.

साहेबांनी मला दुभाषी म्हणून बोलावलं होतं. शॉपच्या दारात प्रशिक थांबला आणि काचेच्या केबिनमधली खुर्ची मला दाखवली. तू इथे बस. मी म्हटलं, आत काही अडलं तर? तो म्हणाला, अडलं तर मी आहे.

त्याने कधी मला असं म्हटलेलं आठवत नाही. मी बसले. तिथून सगळं दिसत होतं, पण माझी कोणाला गरज नव्हती.

टॅबलेटवर आधीच घेतलेल्या फिल्ममधून सत्यवती प्रश्न विचारायची आणि माणसाने मशीनवर करून दाखवायचं. साहेब कागद घेऊन उभे. पहिले चार जण सरळ निघाले. पाचवा प्रशिक. त्याने इतकं सावकाश आणि नेमकं केलं की बाजूच्या लाइनीवरचे लोक काम थांबवून पाहू लागले.

शेवटी बापूजी. वय सगळ्यांत जास्त, कुहीकडचे, शाळेत कधी गेलेच नाहीत. त्यांच्या खुणा त्यांच्या गावच्या, कोणाच्याच नाहीत. डाय बदलण्याचा प्रश्न आला आणि ते नुसते उभे राहिले. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मी खुर्चीवरून उठले आणि दारापर्यंत गेले.

प्रशिकने साहेबांना हात जोडून थांबायला सांगितलं. मग त्याने बापूजींना डाय बदलण्याची फिल्म लावून दिली आणि स्वतः दोन पावलं मागे सरकला. एक मिनिटाची फिल्म. बापूजींनी ती दोनदा पाहिली. मग ते गेले, वीज बंद केली, कुलूप लावलं, किल्ली काढून खिशात टाकली, आणि जाळी उघडली.

साहेबांनी हाताने विचारलं, कुलूप काहून?

उत्तर मला पाठ होतं, बापूजींना शब्द येत नव्हते. त्यांनी साहेबांचा उजवा हात धरला आणि बंद मशीनच्या डायवर नेऊन ठेवला. मग दुसऱ्या हाताने दूरच्या स्विचकडे बोट दाखवलं, तिथे येणारा-जाणारा कोणीतरी माणूस दाखवला, स्विच दाबल्याची खूण केली, आणि साहेबांच्या डोळ्यांत बघत मान हलवली.

साहेबांनी हात लगेच काढला नाही. मग म्हणाले, आवाज मला काचेतून ऐकू आला, "पास. याच्याहून चांगलं मी पण सांगितलं नसतं."

सहाही पास.

ऐकू न येणारे लोक टाळ्या वाजवत नाहीत, दोन्ही हात वर करून पंजे हलवतात. सहा जणांनी हात वर केले. मग बाजूच्या लाइनीवरच्या एकाने केले, मग त्याच्या मागच्याने. बघता बघता अख्ख्या शॉपमध्ये, हातमोजे घातलेले, तेलाने काळे झालेले हात हवेत हलत होते. ताराचंद साहेबांनी कागद काखेत धरून केले, त्यांना नीट जमत नव्हतं. प्रेस बंद असल्यामुळे तिथे काहीच आवाज नव्हता. मी काचेच्या आत एकटीच, मीही हात वर केले. कोणी पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर प्रशिकने आधी मोबाइल काढला आणि कोणाला तरी व्हिडिओ कॉल लावला. त्याचे हात इतके भरभर चालत होते की मी वाचायचा प्रयत्नच केला नाही. आनंद झाला की माणूस भरभर बोलतो.

६ मार्च

हिंगण्याच्याच दुसऱ्या एका कारखान्याचा फोन आला. तिथे कापण्याच्या मशीनवर ऐकू न येणारे अकरा जण आहेत, फिल्मा करून द्याल का? माझ्या ओठांवर हो आलं होतं. मी म्हटलं, काम प्रशिकचं आहे, त्याला विचारून सांगते. त्याने आणि सत्यवतीने मिळून होकार दिला आणि काल दोघं जाऊन मशीन पाहूनही आले. मी रजा टाकून ठेवली होती, दुभाषी म्हणून. प्रशिक म्हणाला, नको, आम्ही लिहून बोलतो. मी रजा रद्द केली. दिवसभर काम करताना मला उगाचच हलकं वाटत होतं.

वेबसाइटचा पासवर्ड आता त्या दोघांकडे आहे.

आईने सकाळी सांगितलं, "रविवारी कुठं जाऊ नको. सत्यवतीचे बाबा येऊन राहिले घरी."

मी विचारलं, "काहून?"

आईने फळीवरचे जुने कप काढून पाहिले आणि परत ठेवले. मग म्हणाली, "तू जा इतवारीत आणि चांगले कप घेऊन ये वं."

सहा कप आणले, निळ्या काठाचे. मुलीचं काम पाहायला येत असतील बिचारे, त्यांना अभिमान वाटणारच. सगळ्या फिल्मा नीट उघडतात, मी दुकानातून येता येता मोबाइलवर एकेक करून पाहिल्या.